सगळ्या वाटा खाली कुठं येतात

नकाशा टेबलावर पसरला, पण टाट्राकडचा कोपरा
सारखा वर येतो. त्यावर मिठाची बरणी ठेवली.
खिडकीबाहेर झिलिना, नोव्हेंबर, चिखल.
बर्फाचा अजून पत्ता नाही
आणि जानेवारीच्या खोल्या मात्र आजच धरायला हव्यात.

वीजबिलाच्या पाठीवर नावं लिहिते.

राडोवान, माझा भाऊ. त्याला काळी वाट हवी, उभी,
सुरुवातीच्या पाटीवर कवटी असली तर उत्तम.
एकदा जिल्ह्यात तिसरा आला होता;
तो तिसरा नंबर अजून दर नाताळात
आमच्याकडे जेवायला येतो.

गेर्गेय, जावई, डॅन्यूबकाठच्या सपाटीवरचा.
त्याच्या गावातला सर्वांत मोठा उतार म्हणजे नदीचा बांध.
तो विचारतो, "थांबायचं कसं?"
राडोवान म्हणतो, "पडून."

तिम्का, सहा वर्षांची. डोंगर कुठलाही चालेल,
फक्त तो सरकता पट्टा हवा
ज्यावर काही न करता नुसतं उभं राहिलं
तरी आपण वर जातो.

शेजारची ब्लाझेना: स्की नको. ऊन, बाक,
आणि कोबीचं आंबट सूप. "गरम हं, कोमट नव्हे."

ल्युबित्सा, माझी लेक. एरवी लाल वाटेवरून
शीळ घालत उतरते. यंदा दुसरा महिना चालू आहे,
ते अजून फक्त मला ठाऊक.
तिच्यापुढे लिहिलं: निळी. पाठ दुखते.

मी: उजवा गुडघा, दोन स्क्रू.

आणि बाबा. त्यांना आता समोरचं, मधलं दिसत नाही,
कडाकडांचं तेवढं दिसतं.
माझा चेहरा बघायचा तर खांद्यापलीकडे बघतात.
त्यांच्यापुढची जागा कोरी ठेवली.

हाताची पाची बोटं सारखी नसतात
असं म्हणून सुटता येतं खरं.
पण आई आम्हाला पिशवीसारखे मोजे विणायची,
चार बोटं एकत्र, अंगठा तेवढा वेगळा,
कारण सुटी बोटं आधी गारठतात.
राडोवान म्हणजे तो अंगठा.

पहिला डोंगर: तीन दऱ्या, साठ किलोमीटर वाटा.
जो पुढं गेला तो थेट रात्री जेवताना भेटणार.
दुसरा: एकच लिफ्ट, स्वस्त. राडोवान दहा मिनिटांत संपवेल
आणि उरलेले चार दिवस आम्हाला.
तिसरा ऑस्ट्रियात, हिमनदीवर,
तिकिटाचा आकडा वाचून ब्लाझेनानं
उगाचच चष्मा पुसला.

मी बर्फाच्या तोफा मोजल्या, खुर्च्या मोजल्या,
कुठली वाट किती लांब, सगळं.
कोपऱ्यातून बाबा म्हणाले,
"सगळ्या वाटा खाली कुठं येतात?"

हे मी पाहिलंच नव्हतं.

बोट फिरवत गेले. एका मधल्याच डोंगरावर,
ज्याच्यावर मी आधी फुली मारली होती,
काळी, दोन्ही लाल आणि लांब वळणाची निळी
सूप विकणाऱ्या एका खोपटापाशी येऊन संपतात.
काळी जेमतेम सातशे मीटर.
राडोवान म्हणाला, "ही काय वाट आहे? जिना आहे."
पण नकाशा त्यानं स्वतःकडे ओढला.

"मला तिम्काच्या मागं सोडा," बाबा म्हणाले.
"ती बडबडत उतरेल, मी ऐकत उतरेन."
मी नऊ वर्षांची असताना, दाट धुक्यात,
हेच तर उलट्या बाजूनं झालं होतं:
कुठूनसा त्यांचा आवाज, डावीकडे, आता उजवीकडे,
मला शोधू नकोस, ऐक.
तेव्हा मी रडले होते. पडले मात्र नव्हते.

संगणकावरच्या अर्जात प्रत्येकापुढे तीन चौकोन:
नवशिका, मध्यम, तरबेज.
बाबांच्या ओळीत मी तिन्हींवर खूण केली.
लाल अक्षरांत नकार आला.
मग सरळ फोनच लावला, आणि पलीकडच्या बाईला
पहिल्यापासून सांगत बसले. ती म्हणाली,
"ते राहू द्या, एकूण जण किती?"

"सात," मी म्हणाले,
आणि ल्युबित्सानं माझ्याकडे पाहिलं.